टेप वारंवार बंद पडणेबाबत

जगात जे काही घडतं ते कागदावर उतरल्याशिवाय घडलंच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. हिचे हे मामा पस्तीस वर्षं निरनिराळ्या तालुक्यांच्या कचेऱ्यांत पेशकार होते. साहेबांपुढे कागद मांडायचे, सह्या झाल्या की उचलायचे, आणि साहेब बदलून गेले तरी कागद जागच्या जागी राहतील हे पाहायचं, असं ते काम. शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, घरची बोली मुधोळकडची मराठी, आणि पुढं कचेरीत आयुष्यभर तेलुगू. त्यामुळे मामा बोलायला लागले की तीन भाषा एकमेकींना वाट करून देत एकाच दारातून बाहेर पडत. निवृत्तीनंतर ते आदिलाबादला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. कचेरी सुटली, पण सवय सुटली नाही. एकदा त्यांच्या घरी दूध नासलं. दुसऱ्या कुठल्याही घरात बाईनं ते ओतून दिलं असतं आणि विषय संपला असता. मामांनी आधी पातेलं जप्त केलं, मग मामींचं, गवळ्याचं आणि भांडी घासणाऱ्या बाईचं बयान घेतलं, पातेल्याच्या जागेचा नकाशा काढला, आणि चौथ्या दिवशी 'दूध हवामानामुळे नासले, कोणाचाही कसूर नाही' असा फैसला तिघांना उभं करून वाचून दाखवला. तो ऐकताना गवळ्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता, असं मामी सांगत. घरातला वास जायला मात्र आठवडा लागला.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी पाहायला मुधोळला गेलो तेव्हाची. मुलीला काय काय विचारायचं याची मी रस्ताभर तयारी केली होती. पण ओट्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच काळा कोट घातलेल्या एका सडपातळ गृहस्थांनी मला समोर बसवून माझंच बयान घ्यायला सुरुवात केली. नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, डोळ्यांचा नंबर, झोपेत बडबडण्याची सवय आहे का, असल्यास कोणत्या भाषेत. मध्येच चहा आला. मी तो बशीत ओतला. त्यांनी लेखणी थांबवून विचारलं, "बशीत काऊन?" मी म्हणालो, "गरम आहे म्हणून." त्यांनी तेही लिहून घेतलं. शेवटी सगळं वाचून दाखवलं आणि सही घेतली. मुलगी मी पाहिली की नाही हे मला आज नीट आठवत नाही. पण 'मुलगा चहा बशीत ओतून पितो, कारण विचारता गरम होता म्हणाला' या वाक्याखाली केलेली माझी सही हिच्या माहेरच्या ट्रंकेत अजून असेल.

आता माझ्याविषयी. मी आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. त्यातही वीज हा माझा खास विषय. फळ्यावर सर्किट काढायला लागलो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बोलायची थांबत, असा माझा समज होता. ती झोपलेली असत हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरांची जुनी अँबॅसिडर मी घेतली. गाडीचा पत्रा इतका प्रामाणिक होता की मागच्या सीटखालून रस्ता दिसे. तरीही स्टाफरूममध्ये मोटार असणारा मी एकटाच, आणि मोटार आहे तर तिच्यात गाणं हवं, म्हणून मी हैदराबादहून एक कॅसेटचा टेप, दोन स्पीकर आणि आवाज वाढवणारा बूस्टर नावाचा डबा घेऊन आलो. हे सगळं बसवून दिलं जुन्या बसस्टँडजवळच्या राजन्नानं. राजन्ना म्हणजे मोटारींच्या विजेचं काम करणारा, कमी बोलणारा, हाताला सदैव ग्रीस लागलेला माणूस. बूस्टर मागे डिकीत ठेवला. त्याला बॅटरीचा करंट नेणारी तार खालून न नेता त्यानं डाव्या बाजूनं वर चढवून, छताच्या कडेच्या अस्तराखालून मागे नेली. मी विचारलं, "ऊपर से क्यों?" तो सीटखालच्या भोकाकडे पाहत म्हणाला, "नीचे तो रोड हय, सार."

टेप सुरेख वाजू लागला. पुढच्या आठवड्यात हिनं गाडीच्या मागच्या खिडक्यांसाठी निळ्या फुलांचे पडदे शिवले आणि ते मी लावले. पडद्याच्या कामासाठी मेकॅनिककडे जाण्याइतका मी अडाणी नव्हतो. दोन्ही दारांच्या वर, छताच्या कडेच्या लाकडी पट्टीत दोन-दोन स्क्रू पिळले, त्यांना स्प्रिंगचे आकडे अडकवले, स्प्रिंगमध्ये पडदा ओवला. अर्ध्या तासात काम फत्ते. ही म्हणाली, "छान झालं हो." मी म्हणालो, "यात काय आहे?"

त्यानंतर टेपला काहीतरी झालं. गाणं रंगात आलेलं असताना अचानक शांतता पसरे. पाहावं तर फ्यूज उडालेला. नवा फ्यूज घालावा तर कधी दोन दिवस चाले, कधी दोन मिनिटं. गावात फिरताना काही होत नसे. मुधोळला सासुरवाडीला निघालो की निर्मळ यायच्या आत हमखास उडे, आणि परतताना पुन्हा एकदा. राजन्नाकडे तीनदा नेली. त्यानं टेप काढला, बसवला, तारा एकेक करून तपासल्या, दुकानासमोर तासभर टेप वाजवत ठेवला. टेप शहाण्या मुलासारखा वाजत राहिला. "सब बराबर हय, सार," तो म्हणे, आणि डोकं खाजवी. मी मात्र स्वस्थ बसलो नाही. मी सिद्धांत मांडले. पहिला सिद्धांत डायनामोचा, दुसरा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा, आणि तिसरा, ज्याचा मला आज विशेष संकोच वाटतो, निर्मळ रस्त्यावरच्या उच्च दाबाच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्राचा. हा तिसरा सिद्धांत मी वर्गात आकृतीसह शिकवला.

एका रविवारी सकाळी सासूबाईंना मुधोळला पोचवायला निघालो होतो. जवळचे फ्यूज संपले. तेव्हा मी अशी एक गोष्ट केली की जी करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं: सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी खुपसली. गाणं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, शिकलेला जावई असल्याचा फायदा." चारेक मैलांवर मागून धूर यायला लागला. आधी मला वाटलं बाहेर कुणी काडीकचरा जाळतंय. सासूबाई मात्र प्रसंग ओळखून, गाडी पुरती थांबायच्या आत, हातातल्या पिशवीसह उतरल्या आणि थेट शेजारच्या ज्वारीत शिरल्या. मी चांदी उपटली, बोट भाजलं, धूर थांबला. त्या ज्वारीतून बाहेर यायला तयार होईनात. "जावईबापू, मी बसनं जाते," त्या आतूनच म्हणाल्या. "तुमी गाणे आयका."

भाजलेलं बोट आणि गेलेली अब्रू घेऊन मी तसाच राजन्नाच्या दुकानावर गेलो. भर दुपारची वेळ. दुकानात पंचायत कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर बसला होता, एक ट्रॅक्टरवाला होता, शेजारचा चहावाला दारात उभा होता. मी गाडीतून उतरलो आणि ओरडलो, "तार जोडना नहीं आता तो बोर्ड कायकू लगाया? आदमी जल जाता आज!" राजन्ना हातातलं काम ठेवून उठला. गाडीत शिरला, जळकी तार पाहिली, ती बदलून त्याच वाटेनं दुसरी ओढून दिली, आणि बाजूला होऊन उभा राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मी कबुली असा घेतला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळी हकिकत सांगितली, ज्वारीचा भाग वगळून. दोघा सहकाऱ्यांनी आपल्या स्कूटरी राजन्नाकडून काढून घेतल्या. पंचायतीची जीपही दुसरीकडे जाऊ लागली, असं मागाहून कळलं.

इकडे सासूबाई बसनं मुधोळला पोचल्या आणि त्यांनी भावाला पोस्टकार्ड टाकलं. पोस्टकार्ड हा कागद असल्यामुळे मामांच्या दृष्टीनं आता घटना घडली होती. ते काळा कोट घालून सकाळी आमच्या दारात हजर झाले. हातात कोरी मिसल. फाइलला ते मिसलच म्हणत. वर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'मोटारीतील टेप वारंवार बंद पडणेबाबत.'

"मामा," मी म्हणालो, "हा विजेचा मामला आहे. यात बयान काय घेणार?"

"विजेचं तुमी पाहा. मी मौका पाहून राह्यलो," असं म्हणून ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीभोवती फिरू लागले. मौका म्हणजे घटनेची जागा. दोन तास त्यांनी गाडीतल्या प्रत्येक वस्तूची नोंद केली. हॉर्न एक, आरसे दोन पैकी एक तडकलेला, समोर टांगलेलं लिंबू एक, मिरच्या पाच, जमिनीला भोकं तीन, मोठ्या भोकातून दिसणारी वस्तू कोंबडी. मग माझं बयान.

"बिघाड पहिल्यांदा कवा झाला?"

"लावला तेव्हापासूनच."

"सही करा." मी केली. मग त्यांनी हिला बोलावलं. ही म्हणाली, "नाही हो मामा, पहिले आठ-दहा दिवस मस्त वाजत होता. मी पडदे शिवत होते तेव्हा हे गाडीत बसून गाणी ऐकायचे, आणि मला आतून ऐकू यायचं." मामांनी दोन्ही बयानं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तफावत, एवढंच म्हणाले. मला हसू आलं. बायकांना तारखा कुठे आठवतात, असंही मी म्हणालो. हे वाक्यही मिसलमध्ये गेलं.

निघताना त्यांनी मला आखलेली एक वही दिली. फ्यूज उडेल तेव्हा तेव्हा ती भरायची. रकाने चौदा: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचं तोंड कोणत्या दिशेला, कोण कुठे बसलेलं, काचा वर की खाली, पडदे कसे, कोणतं गाणं, असं करत करत शेवटी 'त्या वेळी काय खाल्लं'. मी विचारलं, "खाण्याचा काय संबंध?" मामा म्हणाले, "संबंध आहे का नाही हे आधीच ठरवलं त मंग तहकीकात कशाची?" मी वही घेतली ती हिच्याकडे पाहून. महिनाभर मी ती भरली, आणि भरताना माझ्यातला विद्वान शक्य तितका आगाऊपणा करी. तिसऱ्या नोंदीत शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, 'माझं डोकं.' मामांनी ते वाचलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "कोणी?"

सात नोंदी झाल्यावर ते वही घेऊन आमच्या ओट्यावर बसले. लाल पेन्सिलीनं एकेक रकाना तपासत खाली जायचं, आणि सातही ठिकाणी सारखं नसेल तो रकाना सबंध खोडायचा, अशी त्यांची रीत. गाणं खोडलं गेलं, ठिकाण खोडलं गेलं, खाणं खोडलं गेलं, चुंबकीय क्षेत्र तर वहीत नव्हतंच. तासाभरानं ते म्हणाले, "जावईबापू, सातही दफा डाव्या बाजूचा पडदा ओढलेला आहे."

मी मोठ्यानं हसलो. मग मी त्यांना व्याख्यान दिलं. कापूस विजेचा वाहक नाही, पडदा कापसाचा आहे, सबब पडद्याचा विजेशी संबंध नाही. सकाळी दक्षिणेकडे निर्मळला जाताना ऊन डावीकडून येतं, संध्याकाळी उत्तरेला परततानाही डावीकडूनच, म्हणून बायका डावा पडदा ओढतात. हा निव्वळ योगायोग. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी विजेचं काहीच सांगून नाही राह्यलो," ते म्हणाले. "कागदात काय आहे ते सांगून राह्यलो. तुमी टेप लावा. मी पडदा ओढतो."

गाडी अंगणातच होती. मी टेप लावला. मामांनी कोट सावरत मागच्या सीटवर बसून डावा पडदा ओढला. आवाज गेला. मी नवा फ्यूज घातला आणि योगायोग दोनदा होऊ शकतो असं म्हणालो. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी स्वतः ओढला, कारण मामांच्या ओढण्यातच काही दोष असावा असं मला वाटायला लागलं होतं. तिसराही फ्यूज गेला. तेव्हा मी पेचकस आणून पडद्याचा मागचा स्क्रू काढला. त्याचं टोक काळं पडलेलं होतं. अस्तर वर करून पाहिलं तर राजन्नाच्या नव्या तारेला, बरोबर त्याच जागी, एक बारीक छिद्र. जुन्या तारेत शिरलेलं स्क्रूचं टोक नवी तार ओढताना तिच्यातही रुतलं होतं. पडदा मोकळा असला की निवांत. पडदा ओढला की स्प्रिंग ताणली जाई, स्क्रू कलून पत्र्याला टेके, आणि बॅटरीचा सगळा करंट पत्र्यात. राजन्नाच्या दुकानासमोर पडदा ओढायचं कुणालाच कारण नव्हतं. इतकी वर्षं हे सर्किट मी फळ्यावर काढत होतो. खालचं नाव तेवढं मला ठाऊक होतं: शॉर्ट सर्किट.

"हा पेच कोणी बसवला?" मामांनी विचारलं.

ही दारात उभी होती. मी म्हणालो, "मी."

"लिहा." मी लिहिलं. शाई सुकावी म्हणून त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि म्हणाले, "आता राजन्नाचं काय?"

"सांगीन की त्याला. जाता-येता."

"इल्जाम जाता-येता लावला होता का?"

यावर मी तीन दिवस वाद घातला. मी म्हणालो की एवढ्याशा गोष्टीचा एवढा बोभाटा नको. मी म्हणालो की माझी कॉलेजात काही प्रतिष्ठा आहे. मी चिठ्ठी पाठवतो म्हणालो, मिठाई पाठवतो म्हणालो. मामा एकच वाक्य बोलत: ज्या जागी बोललं, ज्यायच्यासमोर बोललं, तेवढ्याच आवाजात. त्यांनी फैसला लिहून आणला आणि वाचायचा मी, असं ठरवून टाकलं. शेवटी भर दुपारी आम्ही दोघे राजन्नाच्या दुकानावर गेलो. मामांनी आधीच जाऊन पंचायतीच्या जीपच्या ड्रायव्हरला आणि ट्रॅक्टरवाल्याला निरोप दिला होता. स्टाफरूममधले स्कूटरवाले दोघेही आणले होते. चहावाला आपोआप आला. मी कागद धरला आणि हिंदीत वाचायला लागलो. वर्गात पाच-पाच तास बोलणाऱ्या माणसाचा आवाज दुसऱ्या ओळीला बसला. "तेवढ्याच आवाजात," मामा हळूच म्हणाले. मग मी मोठ्यानं वाचलं: राजन्नाचं काम बरोबर होतं, तार बरोबर होती, तिच्यात स्क्रू मी मारला, चांदी मी भरली, आणि इल्जामही मीच लावला. खाली सही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. राजन्नानं हात पुसले आणि म्हणाला, "कौनसा स्क्रू, सार? दिखाव." मी खिशातून काढून दिला. त्यानं तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला, काळं टोक नखानं खरवडलं, आणि एकदम खाली स्टुलावर बसला. "तीन बार खोला मय," तो म्हणाला. "कुछ नै मिला. फिर आप बोले. उसके बाद कोई भी गाडी का काम किया तो घर जाके वापस आता था, फिर से देखने. अपने हाथ पे शक आ गया था, सार." मग त्यानं चहावाल्याला सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं. पंचायतीचा ड्रायव्हर उठला आणि न बोलता आपली जीप दुकानासमोर आणून लावली. मी चहा बशीत ओतला. मामांकडे पाहिलं तर त्यांनी चष्मा काढला होता आणि ते नुसतेच रस्त्याकडे पाहत होते.

मला वाटलं, मिसल बंद झाली. पंधरा दिवसांनी मामा पुन्हा काळा कोट घालून दारात उभे. "जावईबापू, गाडी काढा. नार्नूरकडं जायचं आहे."

उटनूर मागे पडल्यावर ते समोरच्या काचेकडे पाहत, जणू दुसऱ्याच कुणाचं बयान वाचून दाखवावं तसं सांगू लागले. तीस वर्षांपूर्वी ते त्या भागातल्या एका कचेरीत होते. नार्नूरच्या अलीकडच्या एका खेड्यात सरकारी धान्याचं गोदाम होतं. त्यातली पोती कमी भरली. पंचनामा करायला मामांना पाठवलं. पावसाळा होता, वाटेतला नाला भरून वाहत होता. मामा नाल्यापाशी दोन तास थांबले आणि परत फिरले. पंचनामा त्यांनी कचेरीत बसूनच लिहिला. पहारेकऱ्याचा कसूर दिसतो, असं लिहिलं. सगळे तसंच म्हणत होते. पहारेकऱ्याची नोकरी गेली. उन्हाळ्यात कळलं की ती पोती भलत्याच गोदामात उतरवली गेली होती. "मी मिसलमध्ये तसं लिहिलं. साहेबांची सही घेतली. मिसल बंद झाली," मामा म्हणाले. "पन गावात जाऊन कोणाले सांगितलं नाही. मिसल गावात कोन वाचते?"

मी गाडी त्या खेड्याकडे वळवली.

पहारेकरी वारला होता. त्याची बायको होती, पार म्हातारी, अंगणात सरकीच्या ढिगाशेजारी बसलेली. मामांनी आपलं नाव सांगितलं, उभे राहिले आणि खिशातून कागद काढून मराठीत वाचला. अमुक वर्षी अमुक गोदामातली पोती चोरीला गेली नव्हती, पहारेकरी बेकसूर होता, पंचनामा मौक्यावर न जाता मी केला, कसूर माझा. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हे त्यायनं आयकाले पायजे होतं," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. मग म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून उठत समोरच्या घराकडे बोट केलं. "पुना वाचा, सायेब. त्या घराकडं तोंड करून. जोरानं. ते लोकं आमाले चोर म्हनत."

आणि मामा वळले. कागद दोन्ही हातांनी धरून, त्या बंद दाराकडे तोंड करून, त्यांनी पहिल्या शब्दापासून पुन्हा सगळं वाचलं, इतक्या मोठ्यानं की त्यांच्या सडपातळ गळ्यातून तो आवाज येतोय यावर माझा विश्वास बसेना. दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला, मग दोन बायका, मग वाटेनं जाणारे दोघे-चौघे. मामा कुणाकडे न पाहता वाचत राहिले. वाचून झालं तेव्हा म्हातारी म्हणाली, "बस. आता भाकर खाऊन जा." आणि कागद मागून घेऊन तिनं तो घडी करून कनवटीला खोचला. मामांनी नक्कल ठेवली होती की नाही हे मी विचारलं नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्या दिवशीचा नार्नूरहून परतीचा प्रवास दिसतो. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. मामा पुढे माझ्या शेजारी बसले होते. इंद्रवेल्ली मागे पडलं तसं ते म्हणाले, "तुमचा तो टेप वाजते का आता?" मी लावला. कोणतं गाणं होतं ते मी लिहून ठेवलेलं नाही. मामा थोडा वेळ ऐकत राहिले, मग गुडघ्यावर बोटांनी ताल धरू लागले. ताल साफ चुकत होता, प्रत्येक वेळी अर्ध्या मात्रेनं मागे. मी तोंड उघडलं होतं, चूक समजावून सांगायला. मग मिटलं, आणि गाडी जरा सावकाश चालवली.